एका बाजूने झिजलेलं नोझल

बाउतिनो, १२ सप्टेंबर १९९६

प्रिय उनाड,

पाकिटावर तुझं नाव बघून चकित होऊ नकोस. ते पोस्टातल्या ल्यूबाने लिहिलंय. सून होऊन या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, नवऱ्याकडच्या कुणाचंही नाव तोंडातून निघता कामा नये. आणि त्याच दिवशी तू छपरावर चढून माझ्या नव्या कपड्यांवर माशाची आतडी टाकलीस. तेव्हापासून तू उनाड. आता आस्त्राखानच्या गोदीत मोठा फिटर झाला असशील, मिशी ठेवली असशील, तरी माझ्यासाठी उनाडच. ल्यूबा म्हणते, "बाल्जान, सासू जाऊन किती वर्षं झाली, आता तरी तुझ्या हाताने लिही की बाई." मी म्हटलं, लिहिते गं, पाकिटाच्या आतलं सगळं मीच लिहिते.

कामाचं लिहिते. खुशालीच्या पत्रांना तू उत्तर देत नाहीस हे मला कळून चुकलंय.

तुझ्या दादांनी गंज उडवायची वाळूची बंदूक पुन्हा बाहेर काढली आहे. हो, तीच. सासऱ्यांनी जुन्या बोटीच्या पितळातून ओतलेली, जिचं तोंड, म्हणजे नोझल, बदलता यावं म्हणून तू करवतीने कापलंस. तू गेल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की ते तुकडा परत झाळून टाकतील आणि बंदूक होती तशी एकसंध करतील. केली नाही. तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि चार वर्षं भांडारातली सरकारी बंदूक वापरली. तू पाडलेले आटे जसेच्या तसे आहेत.

मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, चूक दोघांची. बापाच्या हातची वस्तू मोठा भाऊ जेवायला गेलेला बघून कापायची नसते. आणि सगळ्या गोदीसमोर तरण्याताठ्या भावाच्या कानाखाली वाजवायची नसते. पण मला विचारतो कोण? तुम्ही दोघं एकाच साच्यातले, एक तापतो आणि दुसरा निघून जातो.

तर अडचण अशी. नोझल बदलता येतं हे तुझं म्हणणं खरं ठरलं. पण वाळू आट्यांत शिरते आणि नट असा बसतो की हातोडीशिवाय हलत नाही. महिनाभरात पितळेचे आटे खाऊन जातील. वाळू आट्यांपर्यंत जाऊच नये यासाठी काय करायचं?

हे तुला विचार असं त्यांनी मला सांगितलेलं नाही. गोदीत माझ्या लेथशेजारी उभे राहून एवढंच म्हणाले, "ज्याने आटे पाडले त्याला हे ठाऊक असायला हवं होतं." मी त्याचा मला हवा तसा अर्थ लावला.

त्यांना जरा खोकला आहे. हवा बदलली की सगळ्यांनाच होतो.

तुझी वहिनी


बाउतिनो, ३ नोव्हेंबर

प्रिय उनाड,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं आपलं. वर नमस्कार नाही, खाली सही नाही, मधे नुसतं चित्र. मी ते चहाच्या टेबलावर ठेवलं आणि पाठ करून भांडी घासायला लागले. मागून ते म्हणाले, "याला अजून रेघ सरळ मारता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र टेबलावर नव्हतं. माझ्या लेथवर होतं.

तू काढलंस तसंच केलं. नोझलला आटे अजिबात नाहीत, साधी गुळगुळीत नळी आणि मागे कॉलर. ती समोरून सरकवायची, कॉलरच्या मागे रबराची रिंग, आणि वरून टोपीसारखा नट आवळायचा. आटे सगळे बाहेरच्या अंगाला आणि चांगले जाड, म्हणजे चुकून वाळूचा कण गेलाच तरी अडकणार नाही. रबर मी मासेमारीच्या बोटीच्या पंपातून कापलं. नटाला दोन कान तू दाखवले होतेस. ते मी थोडे लांब केले, कारण हातमोजा घातलेल्या हाताला तुझे कान सापडले नसते. चित्र काढणाऱ्याने कधीतरी थंडीत काम करून बघावं.

चाचणीला सगळी गोदी जमली. कॉम्प्रेसरवरचा जेन्का सुद्धा. त्याला तर तू ओळखतोसच, तू गेल्यापासून त्याच्याशी बुद्धिबळ खेळायला कुणी नाही म्हणून अजून कुरकुरतो. तो म्हणाला, "काय हो, नोझल बदलायला वेळ किती लागेल?" तुझे दादा म्हणाले, "तू एक डाव हरायला जेवढा लावतोस त्याच्या निम्मा." आणि चाप सोडला, हातानेच नट फिरवला, जुनं नोझल काढलं, नवं घातलं, चाप दाबला. जहाजाच्या पत्र्यावरचा गंज असा निघाला की खालचं लोखंड पांढरं दिसायला लागलं. कुणीतरी म्हणालं, "धाकट्याचं डोकं चालतं." ते नाही म्हणाले नाहीत, आणि मी ते नीट पाहिलं.

मग ते जरा बाजूला जाऊन बसले. ऊन कडक होतं.

नोव्हेंबरात कसलं ऊन, असं विचारू नकोस.

तुझी वहिनी


बाउतिनो, १९ जानेवारी १९९७

प्रिय उनाड,

ते कामावर जात नाहीत. घरी आहेत. यापुढचं लिहायला मला मनाई आहे, तरी लिहिते, कारण माझं अक्षर त्यांना चष्म्याशिवाय लागत नाही आणि चष्मा माझ्या खिशात आहे.

अक्ताउच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छातीत वाळू बसली आहे. इतकी वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधून समुद्रकाठची वाळू उडवली, ती जाणार कुठे? तू सांगायचास, हवा येणारं शिरस्त्राण घाला म्हणून. ते म्हणायचे, त्यात जीव गुदमरतो. आता उशा तीन लागतात, आणि बसूनच झोपतात.

मी म्हटलं, धाकट्याला कळवूया. म्हणाले, "कीव आली म्हणून येणार असेल तर येऊ नको म्हणावं." म्हणून मी तुला ये म्हणत नाही. मला बंदी आहे. समुद्र गोठलाय, बोटी बंद आहेत, पण आगगाडी चालू आहे, एवढंच कळवते.

आता कामाचं. त्यांनी जेन्काकडून झिजलेली सगळी नोझलं पिशवीत भरून मागवली. पांघरुणावर ओतली आणि एकेक उचलून खिडकीच्या उजेडात डोळ्याला लावून बघत बसले. दुपारपर्यंत तेच. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बघ, भोक गोल राहिलेलं नाही, अंड्यासारखं झालंय." मी बघितलं. खरंच, प्रत्येक नोझल वरच्या अंगाला झिजलेलं आणि खाली जवळपास कोरं. का, तर वाळू बंदुकीत खालच्या नळीतून वर चढते आणि वरच्या भिंतीवर आदळते. झिजते ती एकच बाजू, आणि आपण आख्खं नोझल फेकून देतो.

म्हणाले, "त्याला लिही. चहाच्या सुट्टीत नट सैल करायचा, नोझल अर्धं फिरवायचं, परत आवळायचं. दुप्पट चालेल."

मग खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर भिंतीकडे बघून म्हणाले, "बाबांच्या बंदुकीत हे जमलं नसतं. तिचं तोंड फिरत नव्हतं."

तुला कळलं ना, काय म्हणाले ते? या माणसाबरोबर मी माझं आयुष्य काढलंय. माफीच्या याहून जवळ आलेले मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. उत्तर दे. नुसतं चित्र नको, दोन शब्द लिही.

तुझी वहिनी


बाउतिनो, १६ फेब्रुवारी

उनाड,

हे पत्र ल्यूबाकडे जाणार नाही. पिठाच्या डब्यामागे राहील. पण हात तुलाच लिहायला शिकलाय, दुसऱ्या कुणाला लिहू?

परवा पहाटे तुझे दादा गेले.

काल माती दिली. सगळी गोदी आली होती, जेन्काने कॉम्प्रेसर बंद ठेवला. विधवेने जे शोकाचं गाणं गायचं असतं ते मी गायले, बायका म्हणाल्या छान गायलीस. छान! मला त्यांना घराबाहेर काढावंसं वाटलं.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनी तुझं नाव घेतलं. विचारलं, "त्याचा कागद आला का?" मी म्हटलं, वाटेत आहे. म्हणाले, "नोझल फिरवायचं त्याला नीट समजलं असेल ना?" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा लवकर समजलं असेल. हसले, आणि हसताना परत खोकला आला. मी त्यांना हसवायला नको होतं.

आज थोरले आजोबा येऊन बसले. घराण्यात आता तेच सगळ्यात मोठे. मी म्हटलं, आस्त्राखानला तार करते. म्हणाले, "नाही, सुने. मरणाची बातमी कागदावर घालायची नसते. फोनवर तर मुळीच नाही. कागद हातात पडतो तेव्हा माणूस एकटा असतो. त्याला धरायला कोण आहे तिथे?"

मी म्हटलं, मग?

"मी जाईन. त्याच्याबरोबर चहा घेईन. घोड्यांचं बोलेन, समुद्राचं बोलेन, त्याच्या बापाचं बोलेन. बोलता बोलता त्याचं त्यालाच उमजेल. माझ्या बापाचं मला असंच कळलं, आणि तेव्हा माझ्या दोन्ही अंगांना दोन माणसं बसली होती. थंडी जरा कमी होऊ दे. तोवर तुझ्या पत्रात एक अक्षर नको."

"आणि त्याचं पत्र आलं तर?"

"देत होतीस तसं उत्तर दे."

मी त्यांच्यावर चिडले आहे. पण ते बरोबर बोलतात हेही मला ठाऊक आहे. तुझ्या वसतिगृहाच्या खोलीत एका खाटेवर बसून तू हे वाचशील, आणि भिंतीपलीकडे कुणीतरी रेडिओ लावलेला असेल. नको.

दर शुक्रवारी गेलेल्याच्या नावाने पिठाचे सात शेल्पेक तळून शेजारी वाटायचे. आज पहिल्यांदा तळून बघितले, तर तेल जास्त तापलं आणि सगळे करपले. ते असते तर म्हणाले असते, लेथवर बरी आहेस.


बाउतिनो, २४ मार्च

प्रिय उनाड,

तुझं पत्र आलं. वर "दादा" असं लिहिलंयस. मी ते पाकीट तसंच हातात धरून पोस्टाच्या पायरीवर बसले. ल्यूबा पाणी घेऊन आली.

नोझल फिरवायची युक्ती तुमच्या गोदीतही चालली हे वाचलं. "हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, दादाच्या आलं," असं तू लिहिलंस, ते मी दोनदा मोठ्याने वाचलं. घरात मोठ्याने वाचलं की बरं वाटतं.

तू त्यांना विचारलंयस की पांढऱ्या चिनी मातीचं कडक नोझल करतोयस त्याला भोक केवढं ठेवू. पूर्वीएवढंच ठेव. मोठं केलंस तर आमचा कॉम्प्रेसर दमेल, तो म्हातारा झालाय. जेन्काचंही हेच म्हणणं. कॉलर मात्र थोडी जाड कर, चिनी माती कडेला टवकते.

थोरल्या आजोबांना तुझ्याकडे यायचं होतं, जरा बोलायचं होतं. पण नवरोजच्या आदल्या दिवशी बर्फावर घसरले, मांडीचं हाड मोडलं, आता पलंगावर पडून सगळ्यांना हुकूम सोडतात. बरे झाले की येतील.

मी ठीक आहे. दर शुक्रवारी सात शेल्पेक तळते आणि वाटते. आता करपत नाहीत. डोक्याला काळा रुमाल बांधते हल्ली. संध्याकाळी लवकर दिवा लावत नाही, एकटीला कशाला लागतो.

तू हुशार आहेस. माझं पत्र घाईने वाचू नकोस. परत एकदा वाच.

तुझी वहिनी


बाउतिनो, २० एप्रिल

प्रिय उनाड,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. जेन्काने आणून हातात दिलंय. दुरुस्तीची बोट आस्त्राखानला निघाली होती, मी त्याला म्हटलं, तू जा. आत्ता तो तुझ्यासमोर बसला असेल. त्याला चहा दे. त्याने बुद्धिबळाचा पट आणलाय, पण आज खेळायचं नाही, हे त्याला माहीत आहे. तू पत्र वाचून संपेपर्यंत त्याने उठायचं नाही, असं मी त्याला बजावलंय.

तुझं पत्र परवा मिळालं. मे महिन्यात येतोस. पांढरं नोझल तयार झालं, फडक्यात गुंडाळून खिशात घालून येतोस. "वहिनी, दादाला सांगू नकोस. मी दारात उभा राहीन आणि काही न बोलता त्याच्या हातात ठेवीन. परत वाजवली कानाखाली, तर वाजवू दे." शेल्पेकचं वाचून तोंडाला पाणी सुटलं म्हणतोस. काळा रुमाल मला शोभत असेल म्हणतोस, आणि दिवा लवकर लावत जा, दादाला अंधारात बसायला आवडत नाही.

उनाड, आईबाप गेले तेव्हा तू लहान होतास. तुला शेल्पेक आठवतात ते फक्त खायचे. तुझं चुकलं नाही. आमची सगळी माणसं असं आडून बोलतात आणि समोरच्याला कळलं असेल असं समजतात. मीही तेच केलं.

पत्र घेऊन मी थोरल्या आजोबांकडे गेले. त्यांचा पाय अजून लाकडाच्या फळीत आहे. वाचून दाखवलं. म्हणाले, "येऊ दे त्याला. दारातच आपण सगळे उभे राहू." मी म्हटलं, तो हसत येईल. खिशात हात घालून, गल्लीभर हसत येईल, आणि सगळी गोदी दारात उभी असेल. एकदा सगळ्यांसमोर त्याच्या तोंडावर मारलं गेलंय. पुन्हा मी होऊ देणार नाही. आजोबा म्हणाले, "जवळ माणूस असेल ना?" मी जेन्काचं सांगितलं. म्हणाले, "तो रशियन आहे, त्याला आपलं बोलणं जमायचं नाही." मी म्हटलं, त्याला बोलायचं नाहीये, धरायचं आहे. मग त्यांनी मान हलवली.

आता बंदुकीचं सांगते. तुला तेच आधी सांगितलेलं बरं.

मागच्या आठवड्यात गोदीतल्या माणसांनी खाणीतून पांढरा दगड आणला. शंखांचा, आपल्याकडचा. उभा, माणसाच्या छातीइतका. त्यावर अक्षरं कोरायची होती. रबरी पत्र्यात अक्षरं कापून दगडावर चिकटवली आणि वरून वाळू मारायची, तू जहाजांची नावं करायचास तसंच. पण चाप दाबायला कुणी पुढे येईना. एकमेकांकडे बघत होते. शेवटी मी बंदूक घेतली. सासऱ्यांनी ओतलेली, तू कापलेली, नट माझ्या लेथवरचा. शिरस्त्राण घातलं, हवा येणारं. जीव गुदमरत नाही रे त्यात. काहीच होत नाही.

थोरल्या आजोबांची सून मागे कुजबुजली, "जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, आणि आता हीच कोरणार?" घेतलं नाही हे खरं. समोर असताना "अहो", मागे "ते". गर्दीत हरवले तर मी हाकच मारली नसती, नुसती शोधत फिरले असते. पण बंदी जिभेला होती, हाताला कुणी सांगितलं नव्हतं. दगड मऊ आहे, वाळू भराभर खाते, हात हलला तर अक्षर बिघडतं. माझा हलला नाही. नाव अर्धं झाल्यावर थांबले, नट सैल केला, नोझल अर्धं फिरवलं आणि परत आवळलं. मग पुढचं केलं.

फक्त त्यांचं नाव केलंय. खाली तुमच्या बाबांचं नाव यायचं आहे, ती जागा रबर लावून तशीच ठेवली आहे. ते तू करायचं, तुझ्या पांढऱ्या नोझलने. भोक बरोबर आहे, बसेल.

तुझं "दादा" लिहिलेलं पत्र आलं त्याच्या महिनाभर आधीपासूनच ते नव्हते. कॉलर जाड कर, भोक तेवढंच ठेव, हे सगळं मी आणि जेन्काने सांगितलं. पण नोझल फिरवायचं ते त्यांनीच सांगितलं होतं, त्यांच्या तोंडाने, आणि तुझ्यासाठीच. शेवटच्या संध्याकाळी विचारत होते, त्याला नीट समजलं असेल ना. ते माझं काही नाही. ते तुझं आहे, आणि ते घेऊन तू ये.

दगडावर कोरलं तेव्हा ते नाव मी अक्षर अक्षर पाहिलं. आज पहिल्यांदा कागदावर लिहिते. सासूबाई मला क्षमा करोत.

ओरिनबाय गेले. चौदा फेब्रुवारीला, पहाटे, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ओरिनबाय गेले.

आता कागद खाली ठेव आणि जेन्काला धरू दे.

तुझी वहिनी